साहसचित्रकथामालिका

साहसचित्रकथामालिका : एका नायकाची वा नायकगटाची साहसे क्रमवार चित्रचौकटींच्या द्वारा, ठराविक कालावधीने आणि पुढील भागाची उत्सुकता कायम राखून सांगणारा चित्रशब्दमिश्रित कथाप्रकार. वृत्तपत्रातील रोजची चित्रपट्टी, साप्ताहिकातील रंगीत पृष्ठ आणि स्वतंत्र पुस्तिकांची माला ही या प्रकाराची तीन प्रमुख रूपे होत. हास्यचित्रमालिकेत प्रत्येक पट्टी बहुधा स्वयंपूर्ण असते. साहसमालिकेत मात्र प्रत्येक भाग अपूर्ण असणे हाच रचनेचा पाया असतो. नायक मरत नाही, म्हातारा होत नाही आणि त्याचे कार्य कधी संपत नाही. त्यामुळे अशा मालिकेची निर्मिती ही एकदा पूर्ण होणारी कृती नसून वर्षानुवर्षे, प्रसंगी अनेक लेखक व चित्रकार बदलूनही चालू राहणारी प्रक्रिया ठरते. महाराष्ट्रात या प्रकाराचा इतिहास मुख्यत्वे मुंबई व पुणे या शहरांत घडला. त्याला पूरक ठरणारी कथनाची सवय मात्र ग्रामीण भागात फार जुनी होती.

पूर्वपरंपरा : चित्रांच्या क्रमाने कथा सांगण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी या गावी ठाकर समाजाने ही कला चित्रकथी या नावाने आजवर टिकविली आहे. एकेका आख्यानाच्या चित्रांची पोथी असते. तीत साधारणतः तीस ते पन्नास चित्रे असतात व दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. कथेकरी वाद्यांच्या साथीने गात गात एकेक चित्र पुढे करतो. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पोथीतील चित्र स्थिर असते, परंतु त्यावर किती वेळ थांबावयाचे, कोठे आख्यान तोडावयाचे आणि श्रोत्यांना दुसऱ्या रात्री पुन्हा कसे आणावयाचे, हे सर्वस्वी कथेकऱ्याच्या हाती असते. छापील चित्रकथेत हेच काम पानाच्या शेवटच्या चौकटीला करावे लागते [⟶ चित्रकथी].

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत तसेच जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात (हा पट्टा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात) चैत्र-वैशाखात होणारा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सवही याच संदर्भात लक्षणीय आहे. गणपती-सरस्वतीपासून राक्षसांपर्यंत एकेक सोंग संबळाच्या तालावर नाचत पुढे येते. अनेक ठिकाणी हा क्रम एकाहून अधिक रात्री चालतो आणि विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे परंपरेने असते. पात्र तेच, धारण करणारा मात्र पिढीगणिक निराळा, ही कल्पना येथील प्रेक्षकाला अपरिचित नव्हती. डोळखांबच्या परिसरातील आजोबा पर्वताशी वाल्मीकींचा आश्रम व लव-कुशांचे बालपण यांची कथा जोडली जाते. एखाद्या डोंगराच्या कड्याकपारींवर कथेचे एकेक प्रकरण बसविण्याची ही लोकरीत साहसकथेच्या भूगोलापासून फारशी दूर नाही.

मुद्रित क्रमशः कथेचा परिपाठ मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या करमणूक या साप्ताहिकातून त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत. पुढे नाथमाधव यांच्या अद्‌भुतरम्य व ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आणि त्यानंतर बाबुराव अर्नाळकर यांच्या हजारांवर रहस्यकथांनी एकाच नायकाकडे पुन्हा पुन्हा वळणारा वाचक घडविला. अर्नाळकरांचे झुंजार व काळा पहाड हे नायक घराघरांत पोहोचले होते. बालवाचकांसाठी मद्रासहून निघणाऱ्या चांदोबा या मासिकाच्या मराठी आवृत्तीने (१९५२) सचित्र, साहसप्रधान धारावाहिक कथा लोकप्रिय केल्या. त्यांतील पुष्कळशा कथा दासरी सुब्रह्मण्यम यांनी मूळ तेलुगू भाषेत लिहिल्या. पण त्या निनावीच छापल्या जात. वाचकाला राक्षस, गुहा आणि मांत्रिक ठाऊक असत, लेखक ठाऊक नसे.

पाश्चात्त्य नमुने : साहसचित्रपट्टीचे आधुनिक रूप १९२९ ते १९३६ या अल्पावधीत सिद्ध झाले. बेल्जियममध्ये एर्झे याची टिनटिन ही मालिका १० जानेवारी १९२९ रोजी एका बालपुरवणीत सुरू झाली. अमेरिकेत ॲलेक्स रेमंड याची फ्लॅश गॉर्डन ही मालिका जानेवारी १९३४ मध्ये आणि ली फॉक (१९११–९९) याची मॅन्ड्रेक ही मालिका त्याच वर्षीच्या जूनमध्ये आली. फॉकचीच फँटम ही दैनिक चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ पासून सुरू झाली आणि मे १९३९ पासून तिची रंगीत रविवार-आवृत्तीही निघू लागली. चालू मालिकेची निर्मिती कशी होते, याचे बोलके उदाहरण फँटमच्या पहिल्याच कथेत मिळते. जिमी वेल्स हा आळशी वाटणारा श्रीमंत तरुण हाच रात्री मुखवटा धारण करणारा वीर, अशी फॉकची मूळ योजना होती. पट्ट्या प्रसिद्ध होत असतानाच त्याने ती बदलली आणि नायकाला जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत नेऊन चारशे वर्षांची वंशपरंपरा दिली. आधी छापलेले मागे घेता येत नाही. म्हणून वेल्स हे पात्र कथेत तसेच राहिले व पुढे विरून गेले. पुस्तक लिहिणाऱ्या लेखकाला जी खोडाखोड घरात करता येते ती मालिकाकाराला चारचौघांत करावी लागते.

वंशपरंपरेची ही युक्ती फार दूरगामी ठरली. मुखवटा एक आणि त्यामागील माणूस एकविसावा, या कल्पनेमुळे अमरत्वाची दंतकथा व मर्त्य नायक या दोहोंचा मेळ बसला. शिवाय कोणत्याही शतकातील पूर्वजाची कथा आवश्यकतेनुसार मध्ये आणता येऊ लागली. पात्राप्रमाणे चित्रकारही बदलत गेले. रे मूर, विल्सन मॅकॉय आणि १९६१ ते १९९४ या काळात साय बॅरी यांनी फँटम रेखाटला. मूरच्या छायाप्रकाशातील गूढ आकृती मॅकॉयच्या हाती साधी, जवळजवळ भाबडी झाली आणि बॅरीने तिला पीळदार शरीर व सुस्पष्ट रेषा दिली. भारतीय वाचकाच्या मनात ठसलेला फँटम तो प्रामुख्याने बॅरीचाच होय. नायकाच्या पोशाखाचा रंगही लेखकाच्या हातात राहिला नाही. फॉकच्या मनात तो करडा होता, अमेरिकेत रविवारच्या रंगीत पृष्ठात तो जांभळा छापला गेला, स्वीडनमध्ये निळा व इटलीत तांबडा झाला. जांभळ्या कपड्यात जंगलात लपता कसे येईल, हा प्रश्न वाचकांनी फारसा विचारला नाही.

निर्मितिप्रक्रिया : चित्रकथेचे काम साधारणतः पाच टप्प्यांत चालत असे. लेखक प्रथम कथासार मंजूर करून घेई. नंतर चौकटवार संहिता लिही. तीत दृश्याचे वर्णन, निवेदनाचा मजकूर व संवाद असे तीन स्तंभ पडत. चित्रकार पेन्सिलने कच्चे रेखाटन करी. पानावरील चौकटींची मांडणी, पात्रांचे अंतर व कोन, संवादाच्या फुग्यांसाठी मोकळी सोडावयाची जागा हे सर्व येथेच ठरे. संपादकाच्या दुरुस्त्यांनंतर टाक व कुंचल्याने शाईचे पक्के काम होई. अक्षरलेखन बहुधा निराळा लेखनिक करी. शेवटी रंगांच्या सूचना देऊन त्यांवरून छपाईसाठी प्रत्येक रंगाचे वेगळे ठसे तयार केले जात. मूळ चित्र छापील आकारापेक्षा मोठे काढण्याचा प्रघात होता, कारण लहान करताना रेषेतील लहानसहान दोष झाकले जातात. याचा एक तोटाही होता. मोठ्या कागदावर सुबक दिसणारा तपशील छापील पानात काळा गोळा होऊन बसे. म्हणून कोठे रेखाटू नये हे ओळखणे हे या कामातील कौशल्याचे एक गमक मानले जाई.

दैनिक पट्टीत तीन किंवा चार चौकटी असतात. पहिलीने कालच्या भागाची आठवण द्यावयाची, मधलीने कथा पुढे न्यावयाची आणि शेवटचीने प्रश्न उभा करावयाचा, असा हा संकेत आहे. या पट्ट्या एकत्र करून पुस्तिका काढताना तो संकेतच आड येतो. उदाहरणादाखल, आठवड्याला सहा दिवस व रोज तीन चौकटी या हिशेबाने अठरा आठवडे चाललेल्या कथेत ३२४ चौकटी होतात. तीस पानांच्या पुस्तिकेत पानी पाच-सहा चौकटी धरल्या, तर १५० ते १८० एवढ्याच मावतात. म्हणजे निम्म्या चौकटी गाळाव्या, लहान कराव्या अथवा कथा दोन अंकांत विभागावी लागे. आठवण देणाऱ्या चौकटी प्रथम जात; त्यानंतर निसर्गदृश्ये व शांततेचे क्षण जात. परिणामी पुस्तिकेतील कथा मूळ पट्टीपेक्षा अधिक वेगवान, पण काहीशी धापा टाकणारी होई. हे संकलन करणारा हा एका अर्थाने कथेचा दुसरा लेखकच असे. त्याचे नाव मात्र वाचकाला क्वचितच कळले.

भाषांतरात आणखी एक अडचण असे. इंग्रजी संवाद मोठ्या लिपीत लिहिलेले असतात. त्या अक्षरांची उंची सारखी असल्याने ओळी दाटीने बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा, खाली उकार व जोडाक्षरांचे पाय येत असल्यामुळे दोन ओळींत अधिक अंतर सोडावे लागते. फुगा तेवढाच, मजकूर मात्र पसरट. तेव्हा वाक्ये छाटण्यावाचून गत्यंतर नसे. मराठी चित्रकथांतील तुटक, आज्ञार्थी बोलण्याची ढब काही अंशी या जागेच्या टंचाईतून आलेली आहे. ‘धाड्’, ‘खळ्ळ’, ‘सप्प’ यांसारख्या ध्वनिशब्दांसाठी मराठीत सुदैवाने मोठा साठा होता. परंतु ते चित्रातच कोरलेले असल्याने बदलणे कष्टाचे पडे व अनेकदा इंग्रजी अक्षरेच तशी राहत.

इंद्रजाल कॉमिक्स : मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली. फँटमच्या कथा त्यापूर्वीच त्याच संस्थेच्या इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया या साप्ताहिकामुळे इंग्रजी वाचकांच्या परिचयाच्या होत्या. मालेच्या आरंभीच्या उभारणीत अनंत पै यांचा वाटा होता. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ इ. भाषांत अंक निघाले. मराठीत फँटम हा वेताळ झाला. हे नामकरण विशेष समर्पक म्हणावे लागेल. गावाच्या वेशीवर राहणारा, रात्री फेरी घालणारा, भीतिदायक असूनही राखण करणारा वेताळ कोकणातील व मावळातील वाचकाला पूर्वापार माहीत होता; परदेशी नायकाला त्यामुळे एकाएकी स्थानिक दैवताचे वजन प्राप्त झाले. प्रारंभी मासिक असलेली माला पुढे पाक्षिक व नंतर साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती बंद पडेपर्यंत आठशेहून अधिक अंक प्रसिद्ध झाले होते व त्यांतील निम्म्याहून जास्त वेताळाचे होते. मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर यांच्याही कथा तीत येत.

मूळ कथांत भारतीय वाचकाला खटकेल असे काही तपशील होते. फँटमचा प्रदेश आरंभी आशिया खंडात कोठेतरी होता व त्याच्या नावात बंगालची छाया होती. समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते. मुंबईच्या संपादकांनी प्रदेशाचे नाव ‘डेंकाली’ व टोळीचे नाव ‘सिंगा’ असे बदलले. फॉकने स्वतःही पुढे कथाभूमी आफ्रिकेत हलविली. वेताळाच्या साथीदार ठेंगू जमातीचे ‘बंदर’ हे नावही पेचाचे होते. हिंदीत त्याचा अर्थ वानर आणि मराठीत जहाजे लागण्याची जागा. किरकोळ वाटणाऱ्या या फेरफारांतून एक मोठी गोष्ट दिसते. गोऱ्या वंशाचा एकटा पुरुष काळ्या लोकांचे रक्षण करतो, ही मूळ कल्पना वसाहतकालीन होती. नावे बदलून ती बदलत नव्हती. स्वतंत्र भारतातील मुलांनी हा नायक मनापासून आपलासा केला, याचे श्रेय कथेतील विचाराला देता येत नाही. ते कथनाच्या शिस्तीला आणि ‘वेताळ’ या शब्दाला द्यावे लागते.

पुस्तिकेचा हा आकार भारतीय परिस्थितीला मानवला, त्याचे एक कारण वितरणात होते. अंक मुख्यतः शहरांतील वृत्तपत्रविक्रेते व रेल्वेस्थानकांवरील पुस्तकांचे गाडे यांच्यामार्फत विकले जात. शहापूर तालुक्याला आसनगावचे स्थानक जवळ. परंतु डोळखांबसारखे गाव तेथूनही दूर आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या दिशेला आहे. अशा गावातील मुलाच्या हाती अंक पडला, तरी त्याचा पुढचा अंक पडेलच याची शाश्वती नव्हती. दैनिक पट्टीची रोजची टांगणी येथे निरुपयोगी होती. एका अंकात एक साहस पुरे व्हावे, पण नायकाचे जग मात्र अंकामागून अंक वाढत जावे, अशी तडजोड त्यामुळे रूढ झाली. अंक हातोहात फिरत, भाड्याने दिले जात आणि कोणत्याही क्रमाने वाचले जात.

बहादूर : इंद्रजाल मालेतील पहिला महत्त्वाचा भारतीय नायक म्हणजे बहादूर. डिसेंबर १९७६ मध्ये लाल हवेलीच्या कथेतून तो अवतरला. त्याचे निर्माते आबिद सुरती (जन्म ५ मे १९३५) हे गुजराती-हिंदी लेखक, चित्रकार व व्यंगचित्रकार असून त्यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. धर्मयुग या हिंदी साप्ताहिकातील त्यांची ढब्बूजी ही हास्यचित्रमाला त्यापूर्वीच गाजली होती. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. इंद्रजालची असंख्य मुखपृष्ठे त्यांनीच रंगविलेली असल्याने परदेशी नायकांची शरीररचना व हालचाल त्यांच्या हातात बसलेली होती. प्रश्न होता तो भारतीय चेहऱ्याचा, कपड्यांचा आणि भूमीचा. भगवा कुडता व जीनची विजार हा बहादूरचा वेश या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आला. तो खेड्यातलाही वाटतो आणि महाविद्यालयातलाही. मुखवटा नाही, जादू नाही, अमानवी शक्ती नाही.

कथेची मांडणी चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरीच्या प्रश्नावर झाली होती. १९६० मध्ये विनोबा भावे यांच्यापुढे व १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नाने तेथील अनेक बागींनी शस्त्रे खाली ठेवली होती. १९७५ च्या शोले या चित्रपटाने डाकूची प्रतिमा सर्वदूर नेली होती. बहादूर हा भैरवसिंह या डाकूचा मुलगा. पोलीस अधिकारी विशाल याच्या हातून भैरवसिंह मारला जातो आणि विशालच त्या पोरक्या मुलाला वाढवितो. मुलगा मोठा होतो तो मनात सूड बाळगून. बापाने काय केले होते हे जेव्हा त्याला कळते, तेव्हा तो सुडाचा मार्ग सोडतो व जयगढ येथे नागरिक सुरक्षा दल उभारतो. गावकऱ्यांनी स्वतः शिकून, संघटित होऊन डाकूंचा प्रतिकार करावयाचा ही त्यामागील कल्पना. बेला ही त्याची सहकारी स्वतः लढणारी आहे. सुटका होण्याची वाट पाहत बसणारी नायिका ती नाही आणि १९७६ च्या लोकप्रिय चित्रकथेत हे उठून दिसणारे होते.

या रचनेत मालिकेला पुरेल असा अंतर्विरोध आरंभीच पेरलेला होता. नायक ज्याला पित्यासमान मानतो तोच त्याच्या जन्मदात्याचा मारेकरी. प्रत्येक नवा डाकू हा त्याच्यापुढे आपल्या बापाचेच रूप घेऊन उभा राहतो. म्हणून त्याला ठार मारण्याऐवजी परत आणण्याकडे त्याचा कल असतो. फँटमला वंशाची शपथ पाळावयाची आहे, तर बहादूरला वंशाचा वारसा नाकारावयाचा आहे. दोन्ही मालिकांची तुलना करता भारतीय लेखकाने परदेशी साच्याची नुसती नक्कल केली नाही, हे येथे स्पष्ट होते. बहादूर अवतरला तेव्हा देशात आणीबाणी चालू होती. शासनाशी सहकार्य करणारे, तरीही लोकांनी स्वतः चालविलेले दल ही कल्पना त्या काळात दोन्ही बाजूंनी वाचता येण्याजोगी होती. मालिकेतील पोलीस यंत्रणा सहसा सज्जनच दाखविली गेली, ही मात्र तिची मर्यादा मानावी लागेल.

मालिका पुढे गेली तशी केवळ डाकूंवर भागेना. तस्कर, बनावट नोटा छापणारे, हेर व शहरी गुन्हेगार असे विरोधक आले; नायकाचा वावर खोऱ्यातून शहराकडे सरकला. सुरतींनंतर जगजित उप्पल यांनी संहिता लिहिल्या. ब्राह्मणियांच्या पश्चात त्यांचे पुत्र प्रमोद ब्राह्मणिया यांनी चित्रे काढली. चेहरा जवळजवळ तोच राहिला. पण पहिल्या कथांतील बोचरी कौटुंबिक जाणीव हळूहळू पुसट झाली व पोलीसकथेचे वळण वाढले. दीर्घ मालिकांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. ज्या दुखऱ्या जागेतून नायक जन्मतो ती जागा वारंवार दाखविली, तर बोथट होते आणि दाखविली नाही, तर विसरली जाते.

अमर चित्र कथा व मराठी चित्रकार : अनंत पै (१९२९–२०११) यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउस या संस्थेतर्फे अमर चित्र कथा ही माला सुरू केली. तिच्यातील पहिली दहा पुस्तके पाश्चात्त्य परीकथांची होती. अकराव्या क्रमांकाच्या कृष्ण या पुस्तकापासून तिने भारतीय विषय घेतले. त्याची चित्रे राम वाईरकर (१९३६–२००३) यांची होती. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणे या साहसी मुलाला मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर उभे करणारेही वाईरकरच. सायकलवर स्वार झालेली ती काटकुळी, चपळ आकृती ही मराठी बालसाहसकथेतील सर्वांत ठळक चित्रप्रतिमा होय. अमर चित्र कथेत पुण्याचे प्रताप मुळीक, तसेच दिलीप कदम, चंद्रकांत विटणकर, वसंत हळबे प्रभृतींनी मोठे काम केले. मुळीकांच्या घोड्यांना व युद्धदृश्यांना खास वेग आहे; शिवकालीन विषयांत तो विशेष खुलला. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज हा नायक आणला, तेव्हा त्याच्या प्रारंभीच्या अनेक अंकांमागेही मुळीकांचाच हात होता. पौराणिक व ऐतिहासिक चित्रांवर घडलेली रेषा अशा प्रकारे आधुनिक अतिमानवाच्या कामी आली.

ही माला चरित्रे व आख्याने सांगणारी असल्याने काटेकोर अर्थाने धारावाहिक नव्हे. एप्रिल १९८० मध्ये निघालेल्या टिंकल या तिच्या भावंड नियतकालिकात मात्र कायम पात्रांची परंपरा सुरू झाली. हळबे यांनी रेखाटलेला शिकारी शंभू हे साहसकथेचे प्रेमळ विडंबन होय. तो भित्रा आहे, बहुधा झोपलेला आहे आणि प्रत्येक वेळी योगायोगाने वीर ठरतो. एखाद्या प्रकाराचे विडंबन लोकांना समजू लागले, की तो प्रकार समाजात मुरला असे समजण्यास हरकत नाही.

स्वामित्व व श्रेय : निर्मितीच्या या अखंड प्रक्रियेत नायक कोणाचा, हा प्रश्न सर्वांत कठीण राहिला. अमेरिकेतील चित्रपट्ट्या वितरणसंस्थांच्या मालकीच्या असत. भारतात १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार, विरुद्ध करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाकडे जातो. कर्त्याचे नाव राहण्याचा व कृतीच्या विकृतीकरणाला हरकत घेण्याचा विशेष हक्क मात्र त्याच कायद्याने कर्त्यापाशी ठेवला आहे. पानामागे ठराविक मोबदला घेऊन काम करणाऱ्या चित्रकाराला पुनर्मुद्रणातून सहसा काही मिळत नसे. शाईने काढलेली मूळ पाने छपाईनंतर प्रकाशकाकडेच राहत. ठसे तयार झाल्यावर त्यांचे प्रयोजन संपले असे मानले जाई. चित्रकथा हे वाङ्‌मय नव्हे व चित्रकलाही नव्हे, अशी तत्कालीन शिष्टसमजूत असल्यामुळे ग्रंथालयांनी वा कलासंग्रहालयांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. पालक व शिक्षक यांचा आक्षेप वेगळा होता. चित्रांच्या नादाने मुलांची वाचनशक्ती खुंटते असे त्यांना वाटे. वस्तुतः अनेक मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेर आलेले पहिले मराठी वाचन हेच असे.

ऱ्हास व नंतरचा काळ : १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनचा प्रसार झाला, १९८७-८८ मधील रामायण व त्यामागून आलेली महाभारत या मालिकांनी आठवड्याच्या ठराविक वेळी पुढच्या भागाची वाट पाहण्याची सवय पुस्तिकेकडून पडद्याकडे नेली. स्वस्त हिंदी चित्रकथांची स्पर्धाही वाढली होती. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडली व त्यानंतर फँटमच्या कथा दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सने काढल्या. मराठीतील त्यानंतरची सर्वांत दीर्घायुषी चित्रपट्टी, चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची चिंटू (१९९१), ही घरगुती विनोदाची आहे. स्वतंत्र मराठी साहसमालिकेला तसे स्थैर्य लाभले नाही. वेताळाचे व बहादूरचे जुने अंक आता संग्राहकांमध्ये चढ्या किमतीला विकले जातात. त्यांच्या यांत्रिक प्रतिमा तयार करून जतन करण्याचे काम प्रकाशकांपेक्षा जुन्या वाचकांनीच अधिक केले आहे. आबिद सुरती हे पुढे ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथे राहू लागले व २००७ पासून घरोघर जाऊन गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याच्या उपक्रमासाठी ओळखले जाऊ लागले. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यांच्या कुटुंबाने २००६ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात जुन्या पोथ्या ठेवलेल्या असून आख्यानाचे प्रयोग तेथे आजही होतात.